हाताने फिरवायचा किचन टायमर: अर्ध्यावर अडकलेल्या कादंबरीसोबतचे आठ महिने

हा टायमर मी १४ नोव्हेंबर २०२४ ला इंदूरच्या बर्तन बाजारातून २४० रुपयांना घेतला. पांढरा, वाटीएवढा. सेल लागत नाही. वरची चकती फिरवली की आतली स्प्रिंग ताणली जाते, टिकटिक सुरू होते आणि वेळ संपली की घंटी वाजते. लोक अंडी उकडायला किंवा केकसाठी नेतात. मी नेला तो कादंबरीसाठी, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. महिन्याभरात कादंबरी लिहायचं आव्हान घेऊन मधेच बसकण मारलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

आव्हान तेच, नॅनोरायमो (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ): नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोकडे ख्रिस बेटी आणि त्याच्या मंडळींनी, सगळे मिळून एकवीस जणांनी, हे जुलैत सुरू केलं. पुढच्या वर्षापासून महिना नोव्हेंबर झाला. ते चालवणारी संस्था बंद होत असल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. मी नाव नोंदवलं नव्हतं. राजेंद्र नगरातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझं मीच लिहीत होते.

पहिला आठवडा छान गेला. दिवाळीचे पाहुणे असूनही भाऊबीजेच्या रात्री मी दोन हजार शब्द लिहिले. नवी माणसं, नवी घरं, सगळंच नवं असतं तेव्हा हात आपोआप चालतो. घसरण दुसऱ्या आठवड्यात लागली. १२ तारखेला देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी झाली, लग्नसराई लागली आणि गल्लीत वराती सुरू झाल्या. पण खरं कारण बँडबाजा नव्हतं. माझ्या कादंबरीतला दामोदर कापड गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. गिरणी बंद पडते इथपर्यंत मी त्याला आणलं होतं, आणि आता हा माणूस उद्या सकाळी उठून करणार काय, हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवट दिसत होता, तो फार लांब. मधे नुसतं माळरान.

१३ तारखेला रात्री आकडा होता १४,३००. हवा होता २१,६७१. उरलेल्या सतरा दिवसांना भागलं तर रोजचे २,१०० शब्द. हे गणित मांडलं आणि मी लॅपटॉप मिटला. शब्दांच्या हिशेबाचं हेच वाईट: एक दिवस चुकला की तो पुढच्या सगळ्या दिवसांवर कर्ज होऊन बसतो. शिवाय हा ५०,००० चा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे. त्यांना ‘घरात’ म्हणायला तीन शब्द लागतात, आपल्याला एक. ‘गिरणीबाहेरच्यांनासुद्धा’ हाही आपल्याकडे एकच शब्द. मराठीत तेवढ्याच आकड्यात जास्त मजकूर बसतो, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना बसवली. त्याचा किचन टायमर टोमॅटोच्या आकाराचा होता, म्हणून तिचं नाव पोमोदोरो. मी शब्द मोजणं सोडलं आणि त्याच पद्धतीने रोज पंचवीस मिनिटांच्या चार घंट्या ठरवल्या. पहाटे दोन, रात्री दोन. घंटी वाजली की काम झालं, मग शंभर शब्द होवोत की पाचशे. कालची राहिलेली घंटी आज भरायची नाही, हा नियम मी कडक पाळला. फोनमध्ये टायमर असतोच, पण तो लावायला फोन हातात घ्यावा लागतो आणि मग पंधरा मिनिटं व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जातात. हा नुसता फिरवायचा.

आणखी एक सवय याच्यामुळे लागली. घंटी वाजली की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं. एका रात्री सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, “आई, गिरणी सुटल्यावर माणसं दिवसभर काय करायची हो?” त्या म्हणाल्या, “अगं, करणार काय? पण झांकीचे दिवस आले की घरी बसवायचं नाही कुणाला.” अनंत चतुर्दशीला इथे गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ निघतात, रात्रभर शहर जागं असतं. मी टायमर फिरवला आणि दामोदरला झांकीच्या गाडीवर चढवलं. ‘शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून त्याने निळा बल्ब’ इथे घंटी वाजली. उठले. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी बसून ‘पिरगाळला, तशी अख्खी रांग पेटली’ एवढं लिहिलं, आणि त्या दिवशी दोन घंट्यांत नऊशे शब्द झाले. त्यानंतर टिकटिक ऐकली की सासूबाई स्वतःच म्हणायच्या, “तू लिही, दार मी बघते.”

आता वस्तूतल्या उणिवा. टिकटिक मोठी आहे; त्याच खोलीत कुणी झोपलं असेल तर खाली घडी केलेला नॅपकिन घालावा लागतो. पंचवीसची कधी चोवीस होतात, कधी सव्वीस. दहा मिनिटांहून कमी वेळ लावायचा असेल तर चकती आधी वीसच्या पुढे नेऊन मागे आणावी लागते, नाहीतर घंटीला जोर मिळत नाही. चौथ्या महिन्यात स्प्रिंग सैल पडली आणि टायमर शून्यावर येऊन गप्प बसायला लागला. मी एकदा तासभर लिहीत राहिले, कुकरकडे लक्षच नव्हतं, डाळ करपली. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. शेवटी ओळखीच्या घड्याळजीने उघडून पन्नास रुपयांत नीट करून दिला, तेव्हापासून चालतो आहे.

३० नोव्हेंबरला माझे ४१,८०० शब्द झाले. पन्नास हजार नाही झाले, त्याचं त्या रात्री वाईट वाटलं. पण १ डिसेंबरला पहाटे मी पुन्हा चकती फिरवली, कारण घंट्यांना महिन्याची मुदत नव्हती. डिसेंबरपासून रोज दोनच. पहिला खर्डा एप्रिलमध्ये पूर्ण झाला, ६८,००० शब्दांचा. आता जुलै आहे, पाऊस पडतो आहे आणि खर्ड्यावर दुसरा हात फिरवणं याच टायमरवर चालू आहे. खोडायच्या कामाला मात्र पंचवीस मिनिटं अपुरी पडतात, तिथे मी चाळीस लावते.

घेणार असाल तर दुकानातच पाच मिनिटं लावून उभे राहा आणि घंटी कानाने ऐका. मी घेताना ऐकली नव्हती.