ड्रॉप टाकलेल्या डोळ्यांपुढे लेन्सचं दरपत्रक

पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका खासगी नेत्ररुग्णालयात झालेल्या मोतीबिंदू तपासणीबद्दल हा अभिप्राय आहे. पेशंट ६८ वर्षांचे, जुना मधुमेह, लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिनची गोळी चालू. जागा स्वच्छ, अपॉइंटमेंट वेळेवर, आणि डॉक्टरांनी डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) घाई न करता पाहिला. तरीही पाचपैकी दोनच तारे.

केसपेपर निघाल्यावर पाच मिनिटांत बाहुली मोठी करणारे ड्रॉप टाकले. चूक इथेच सुरू झाली. आधी चष्म्याचा नंबर काढायचा, मग डोळ्याचं प्रेशर बघायचं, स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) बुबुळाचा कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरायची जागा, अरुंद नाही ना याची खात्री करायची आणि मगच ड्रॉप टाकायचे. कोन अरुंद असेल तर बाहुली पसरल्यावर डोळ्यातलं पाणी तुंबतं आणि प्रेशर एकदम चढू शकतं. डोळा लाल, असह्य ठणका, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं, असं काही झालं तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जावं लागतं. ड्रॉपमध्ये ट्रॉपिकामाइडबरोबर फिनाइलएफ्रिन होतं. ते रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून बीपी आणि हृदयविकाराचं आधी विचारायचं असतं. विचारलं नाही. अशा पेशंटसाठी नुसत्या ट्रॉपिकामाइडचे ड्रॉपही मिळतात.

प्रेशर नंतर, हवेच्या झोताच्या मशीनवर घेतलं. उजव्या डोळ्यात २३ आलं. सर्वसाधारण मर्यादा १० ते २१. झोताचं मशीन चाळणीपुरतं ठीक असतं; आकडा वर आला की गोल्डमन टोनोमीटरवर (डोळ्याला टेकवून प्रेशर मोजणाऱ्या यंत्रावर) पुन्हा मोजावं लागतं, नाहीतर काचबिंदू निसटू शकतो. शिवाय बाहुली पसरलेली असताना घेतलेल्या आकड्यावरून फारसं काही ठरवता येत नाही. केसपेपरवर २३ लिहिलं, पुढे काहीच नाही.

ऑपरेशनमध्ये बसवायच्या लेन्सची पॉवर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी मोजली ती कॉर्नियाला (डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या भागाला) टेकवायच्या अल्ट्रासाउंड प्रोबने. हात जरा जड पडला की कॉर्निया दबतो, लांबी कमी भरते आणि लेन्स गरजेपेक्षा जास्त पॉवरची निघते. लांबीत १ मिलिमीटर चुकलं तर चष्म्याच्या नंबरात साधारण अडीच ते तीनचा फरक पडतो. म्हणजे ऑपरेशन उत्तम होऊनही लांबचं धूसर. मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि प्रोब वापरावा लागतो. इथे मोतीबिंदू मध्यम होता, आणि न टेकवता मोजणारं ऑप्टिकल मशीन शेजारच्याच खोलीत होतं. चौकशी केल्यावर कळलं, ते ‘वरच्या पॅकेज’साठी वापरतात. मापाची अचूकता पॅकेजप्रमाणे बदलणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

टॅम्सुलोसिनबद्दल कोणीही विचारलं नाही. या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग (आयरिस) लुळा पडतो, बाहुली आकसते. २००५ पासून हे डॉक्टरांना माहीत आहे. सर्जनला आधी कळलं तर तो बाहुली उघडी धरणारी रिंग किंवा हुक तयार ठेवतो. गोळी बंद करूनही हा धोका पूर्ण जात नाही, म्हणून ती स्वतःच्या मनाने थांबवू नका. फक्त आवर्जून सांगा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून नेणं सगळ्यात सोपं.

सगळ्यात संतापजनक भाग काउन्सेलरच्या टेबलावर. ड्रॉपनंतर चार ते सहा तास जवळचं अंधुक दिसतं, आणि नेमक्या त्याच वेळी पेशंटसमोर लेन्सचं दरपत्रक आणि संमतीपत्र ठेवलं. ‘आज अ‍ॅडव्हान्स भरला तर सवलत.’ मल्टिफोकलने (जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सने) चष्मा सुटेल, एवढंच सांगितलं. रात्री गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक ओळखणं) कमी होतो, हे सांगितलं नाही. मधुमेह्याच्या पडद्याला सूज असेल तर मल्टिफोकलचा उपयोग होत नाही, उलट नजर आणखी फिकी पडते. म्हणून ती सुचवण्याआधी पडद्याचा ओसीटी (थर दाखवणारा स्कॅन) हवाच, विशेषतः अशा पेशंटचा. तो झाला नव्हता. साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) लेन्स आणि वाचायला चष्मा, हा या पेशंटसाठी प्रामाणिक सल्ला ठरला असता.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सहसा त्याच दिवशी ठरवावं लागत नाही. कागद घरी न्या, दुसऱ्या दिवशी वाचा. कोटेशनमध्ये लेन्सची कंपनी, मॉडेल, आणि ओसीटी, औषधं, नंतरच्या भेटी धरल्यात का ते लिहून घ्या. ऑपरेशननंतर लेन्सच्या डब्यावरचं पॉवर आणि सिरियल नंबरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेलं असलं पाहिजे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. इथे भिंतीवर लेन्सच्या जाहिराती होत्या.

दुसरं मत घ्यायचं म्हणून रिपोर्टच्या प्रती मागितल्या, तर ‘फाइल बाहेर देत नाही’ असं उत्तर आलं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. लेखी अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच मागितल्यावर प्रती त्याच संध्याकाळी मिळाल्या.