चिल्का: मंगळाजोडीची होडी उत्तम, सातपाड्याची आधी ठरवून घ्या

मुंबईचे बरेच टूरवाले पुरीच्या मुक्कामात अर्ध्या दिवसाची सातपाड्याची फेरी घालतात आणि ओडिशातलं चिल्का सरोवर झालं म्हणतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. पक्षी पाहायचे तर सरोवराच्या उत्तर टोकाचं मंगळाजोडी गाव गाठा, भुवनेश्वरहून साधारण ७० किलोमीटर. मुंबईहून भुवनेश्वर विमानाने अडीच तास, कोणार्क एक्सप्रेसने दीड दिवस.

मंगळाजोडीत चपट्या लाकडी होड्या आहेत. नावाडी मागे उभा राहून बांबूने होडी ढकलतो, पुढे गाइड बसतो. या गावात पूर्वी पक्ष्यांची सर्रास शिकार व्हायची. त्या शिकाऱ्यांतलेच कित्येक जण पुढे राखणदार आणि गाइड झाले. पक्षी कुठे उतरतो, कशाने बिचकतो हे त्यांना पुस्तक न उघडता कळतं. इंजिनाचा आवाज नसल्याने शेकाट्या आणि जांभळी पाणकोंबडी अगदी होडीजवळ चरत राहतात. गॉडविट हा पाणपक्षी लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. थवा उठला की पंखांवरचे पांढरे पट्टे एकदम लखलखतात. थापटे, तलवार बदकं, चक्रवाक जरा लांब असतात, म्हणून ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण न्याच. फेरीसाठी दोन-अडीच तास हाताशी ठेवाच, आणि एका होडीत चारच्या वर माणसं नकोत.

वेळेत मात्र मुंबईकर हमखास फसतो. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वासहाला उगवतो आणि पाच-सव्वापाचला मावळतो, म्हणजे आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी. सकाळी सहाला धक्क्यावर हजर राहा. दुपारची फेरी तीनच्या आत सुरू करा. पाहुणे पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन उपयोग नाही.

सातपाडा पुरीहून ५० किलोमीटर. इथलं आकर्षण इरावडी डॉल्फिन: गोल डोकं, चोच नाही, पाठीवर छोटा पर. पोस्टरवरच्यासारखी उडी तो क्वचितच मारतो. पाठ दिसते न दिसते तोच पाण्याखाली. इथल्या मोटरबोटींची मोठी खोड म्हणजे एक डॉल्फिन दिसला की चारपाच बोटी इंजिन चालू ठेवून त्याला घेरतात. तो बुडी मारून निघून जातो, शिवाय पंख्याने जखमी होण्याचा धोका. त्यामुळे पैसे देण्याआधीच बोलून घ्या: किती तास, मुखापर्यंत (सरोवर समुद्राला मिळतं तिथवर) जाणार का, डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करणार का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का. सरोवर बहुतेक ठिकाणी दोन मीटरपेक्षाही उथळ आहे, बोट गाळात किंवा पाणवनस्पतीत अडकते. परतीच्या गाडीला तासभर मोकळा ठेवा.

मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर शिंपला फोडून ‘मोती’ काढून दाखवणारे भेटतील. शिंपला आधीच उघडून चिकटवलेला असतो. घेऊ नका.

जेवण झकास. चिंगुडी म्हणजे कोळंबी, कंकडा म्हणजे खेकडा. खैंगा ही आपली बोय, मोहरीच्या वाटणात मागवा. खेकडा वजनावर मिळतो, तो शिजायला टाकण्याआधी भाव विचारा आणि समोर तोलून घ्या.

मंगळाजोडी पाचपैकी पाच, सातपाडा तीन.