नाव ठेवताना: आशा, मीरा, किरण की निकिता?

आशा, तारा, मीरा, उमा, किरण, देव, निकिता. दोन-तीन अक्षरांची, कोणत्याही जिभेला झेपतील अशी नावं. मूल पुढे कुठेही राहो, नाव अडायला नको, असा विचार करणारे आईवडील बहुधा अशाच यादीपाशी येऊन थांबतात. उच्चार सगळीकडे निभतो, अर्थ मात्र वाटेत बदलतो. प्रश्न एवढाच, की त्यातला कोणता बदल मनावर घ्यायचा.

सगळ्यांत निर्धोक आशा. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'अशा' म्हणजे सत्य, विश्वाची योग्य व्यवस्था. आपल्या वैदिक 'ऋत'चं भावंड. स्वाहिली बोलणाऱ्यांत आशा हे आयशाचं रूप, आणि त्याचा मूळ अरबी अर्थ 'जिवंत'. तिन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी वावगं कुठेच काही नाही. ताराचंही तसंच. बौद्धांची ती करुणामूर्ती देवी, आयर्लंडमध्ये प्राचीन राजांची टेकडी.

मीरा आणि उमा यांची गंमत वेगळी. स्पॅनिशमध्ये 'मीरा' म्हणजे 'हे बघ', आणि हा शब्द लोकांच्या तोंडी दिवसभर असतो. स्लाव्ह भाषांत त्याच नावात 'मीर', म्हणजे शांती, ऐकू येते. उमा पोर्तुगीजमध्ये नुसतं 'एक', जपानीत घोडा. ऐकून दचकायला होतं, पण मला यात नाव सोडण्यासारखं काही दिसत नाही. हाक मारायचा शब्द आणि वाक्यातला शब्द कान आपोआप वेगळे करतात. आपण प्रकाश नावाच्या माणसाला दिवा लावायला सांगतो, तेव्हा कुठे अडखळतो?

देवचं प्रकरण जरा जड. इराणी परंपरेत देव उलटे झाले: अवेस्तातले 'दएव' दुष्ट शक्ती, फारसी कथांतला 'दीव' राक्षस. अफगाणिस्तानच्या दरी फारसीत तर उच्चारही जवळजवळ 'देव' असाच. फारसी बोलणाऱ्यांत राहायचं असेल तर चेष्टेची तयारी ठेवावी. इतरत्र कुणाच्या लक्षातही येणार नाही.

खरी रोजची कटकट अर्थाची नसते, ती मुलगा की मुलगी याची असते. निकिता हे मूळ ग्रीक 'निकेतास', म्हणजे विजयी; रशियात ते पुरुषाचं नाव, सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांचं. आंद्रेआ इटलीत बहुतेक पुरुष, जर्मनीत स्त्री. किरण आपल्याकडे दोघांनाही चालतं. आयर्लंडमध्ये त्याच्याशी मिळतंजुळतं 'किअरान' मुलाचं, आणि त्याचा अर्थ आहे काळासावळा. प्रकाशाच्या नेमका उलट! पण तो विरोधाभास कुणाला टोचणार नाही. किरण नावाच्या मुलीला मात्र पत्रं 'श्रीयुत' म्हणून येत राहतील.

शब्दकोशातला अर्थ मी सगळ्यांत शेवटी धरेन. स्पॅनिश 'दोलोरेस' म्हणजे दुःखं, पश्तो 'मलाला' म्हणजे शोकाकुल. दोन्ही नावं लाडाने ठेवली जातात, कारण पहिलीमागे मेरी माता उभी आहे आणि दुसरीमागे 1880 च्या मैवंदच्या अफगाण-ब्रिटिश लढाईतली अफगाण वीरांगना मलालाई. आपणही मीरा म्हणताना कोश उघडत नाही, संत मीराबाई आठवतात. जपानमध्ये तर नुसत्या आवाजाला पक्का अर्थच नसतो. एकच नाव वेगवेगळ्या चित्राक्षरांत लिहिता येतं, आणि अर्थ त्या अक्षरांतून ठरतो.

याला अपवाद एकच: आपल्या स्वतःच्या भाषेतला अर्थ. 'अरी' हिब्रूत सिंह, आइसलँडच्या भाषेत गरुड. यादीत फारच देखणं दिसतं. पण मुरारी म्हणजे मुर राक्षसाचा अरी, शत्रू, हे घरातलं कुणीतरी बारशालाच सांगेल, आणि मग ते आयुष्यभर पुरेल. परक्या भाषेतला अर्थ कधीमधी भेटतो, आजीचा शेरा रोज.

म्हणून माझा क्रम असा: आधी घरची भाषा, मग मुलगा-मुलगी, मग जिथे राहायचं तिथला रोजचा शब्द. त्या हिशेबाने मुलीसाठी आशा किंवा तारा, आणि तिसरं मीरा. निकिता रशियन शेजार नसेल तर. नाव पक्कं करण्याआधी त्या भाषेच्या माणसाला ते लिहून दाखवू नका, मोठ्याने ऐकवा आणि विचारा, डोळ्यांसमोर कोण आलं: मुलगा की मुलगी, लहान की म्हातारं.