धाब्याचं घर राखावं की पाडून स्लॅबचं बांधावं?

धाब्याचं घर म्हणजे आडव्या लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर. खानदेशात धुळ्याच्या जुन्या गल्ल्या, अमळनेर-चोपड्याच्या पेठा, यावल-रावेरकडची गावठाणं, सगळीकडे हा प्रश्न घरोघर चालू आहे. निर्णय बहुतेक वेळा चौरस फुटांवर होतो. त्याआधी धाब्याचं वजन, भिंतीतली ओल आणि शेजाऱ्याचा पाया तपासायला हवा.

वजन

धाबं हलकं आणि स्लॅब जड, असं सरसकट समजलं जातं. प्रत्यक्षात दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत गेल्यावर थर सहज 30 सेंटीमीटरचा होतो. कोरडी माती घनमीटरला साधारण 1600 किलो, भिजलेली 2000 च्या आसपास. म्हणजे भर पावसात एका चौरस मीटरवर 600 किलो! पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेत 310 किलोच्या घरात जातो. धाबं बसतं ते बहुतेकदा या साचलेल्या मातीमुळे. लाकडाला उगाच दोष लागतो.

राखायचं ठरलं तर आधी कड्यांखाली टेकू द्या आणि माती सगळ्या धाब्यावरून पातळ थरांनी सारखी उतरवा. एकाच कोपऱ्यातून उपसायला घेतलं की भार एका बाजूला जातो आणि खांब कलतात. 10-12 सेंटीमीटर माती ठेवा, पन्हाळीकडे उतार द्या. गळती थांबावी म्हणून मातीवरच सिमेंटचा कोबा ओतणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे: वजन वाढतं, उन्हाने कोब्याला तडे जातात आणि तड्यांतून शिरलेलं पाणी वाळत नाही, खाली किलचण (कड्यांवर, मातीखाली अंथरलेला लाकडी काटक्या-फळ्यांचा थर) कुजते.

लाकूड आणि भिंत

सागाची कडी मध्यभागी क्वचितच खराब होते. कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर ते टोक कापून, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून जोड देता येतो. टोकं मोजकी गेली असतील तर घर राखण्यासारखं आहे. बहुतेक टोकं गेली असतील आणि ओळंबा लावल्यावर भिंतीही फुगलेल्या दिसत असतील, तर हट्ट करू नये.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात आणि त्याच ओलीत वाळवी कडीपर्यंत चढते. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू हे प्रमाण चालतं. पण चुन्याच्या कामातला गवंडी आता शोधावा लागतो, आणि राखण्याच्या बाजूची खरी अडचण हीच आहे.

ऊन

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीतून दुपारचा ताप आत पोचेपर्यंत रात्र होते. स्लॅब मात्र दिवसभर तापून रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पांढरी चायना मोझेक (चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे) केली की बराच फरक पडतो. पण त्याचं वजन डिझाइन करण्याआधीच इंजिनिअरला सांगावं लागतं.

पाडायचं असेल तर

पेठेतली घरं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. मधलं काढलं की शेजारची भिंत उघडी पडते. कॉलमचा खड्डा शेजाऱ्याच्या दगडी पायाच्या खाली गेला की त्याची भिंत सरकते. म्हणून आडवे टेकू देऊन, खड्डे एकाआड एक घ्यावेत. गावठाणाची पांढरी म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची भर, आणि काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. दोन्हींवर फुटिंग (कॉलमचा पाया) टेकवू नये, मुरूम लागेपर्यंत खणावं.

केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. पुढच्या 200 मीटरमध्ये आणि 100 मीटरच्या आतल्या दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरच्या सगळ्या वारसांची संमती आधी घ्या. बरीच कामं जोत्यापाशी अडतात ती इथेच.

गल्ली

एका घराने ओटा काढून पार्किंग केलं की गल्लीची रेघ तुटते. बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालायला स्लॅबही चालतो, पण संध्याकाळी बसायला ओटाच लागतो. कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, नैवेद्याचे रोट होतात. 10 बाय 12 च्या हॉलमध्ये ते मावत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तेव्हा झोका कडीला बांधला जायचा. स्लॅबमध्ये तो हवा असेल तर काँक्रीट ओतण्याआधीच जाड सळईचा हुक जाळीच्या सळयांवरून अडकवून घ्यावा. नंतर ड्रिलने बसवलेल्या बोल्टवर माणूस झुलवू नये.

आमचं मत मधल्या वाटेचं आहे. ओटा, ओसरी आणि पुढचे दोन खण (दोन कड्यांमधला एक गाळा म्हणजे खण) दुरुस्त करून ठेवा. परसाकडे आरसीसीत स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि वर खोल्या काढा. जुनी भिंत आणि नवा कॉलम यांत इंचभर फट ठेवून ती वरून पत्र्याने झाका. एकसंध केलं तर दोन्ही बांधकामं वेगवेगळी बसतात आणि सांध्यावर उभी चीर पडते. या पद्धतीत जागा थोडी कमी मिळते. अरुंद, जेमतेम दोन खणांच्या घराला हा मार्ग जमत नाही. तिथे पाडणंच बरं, फक्त नव्या घरालाही ओटा ठेवा.

धाब्याचं काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे माती वाळायला उन्हाळा मिळतो. स्लॅब एप्रिल-मेमध्ये टाळा. टाकावाच लागला तर संध्याकाळी ओता, आणि वाफे करून किमान 14 दिवस पाणी साठवून ठेवा.