सात फांद्यांचा पितळी मेनोरा: वस्तू झकास, सोबतचं पत्रक रद्दी

मेनोरा, म्हणजे ज्यूंचा फांद्यांचा दिवा, मागवला. तीन स्टार, आणि तिन्ही पितळेला. बॉक्समध्ये जे माहितीपत्रक येतं त्याला शून्य. त्यात छापलंय की हा हनुक्का ह्या ज्यू सणाच्या आठ रात्री लावायचा दिवा. अहो फांद्या मोजा की, सात आहेत! हनुक्काला आठ दिवे आणि वर एक शमाश लागतो, म्हणजे ज्याने बाकीचे पेटवायचे तो, आणि तो वेगळा ओळखू यावा म्हणून इतरांपेक्षा उंच नाहीतर बाजूला असतो, असे झाले नऊ. त्याला हनुक्किया म्हणतात. सणासाठी म्हणून कोणी हा मागवला तर आठव्या रात्री काय करायचं त्याने?

सातवाला मेनोरा हे प्रकरण हनुक्काच्या कितीतरी आधीचं. बायबलच्या निर्गम पुस्तकात 25 व्या अध्यायात त्याचं सगळं वर्णन आहे, शुद्ध सोन्याच्या एकाच तुकड्यातून ठोकून घडवायचा, मधे दांडा, दोन्ही बाजूंना तीन तीन फांद्या, प्रत्येक फांदीवर बदामाच्या फुलासारखे तीन पेले आणि दांड्यावर चार, म्हणजे एकूण 22. ह्या पीसवर फांदीला दोन दोनच पेले आहेत आणि फांदी दांड्याला मिळते तिथे जोडाची रेघ नखाला लागते. वर मेणबत्तीसाठी खाचा दिल्यात, ज्यूंच्या जेरुसलेमच्या मंदिरात, जिथे मूळ मेनोरा होता, मात्र ऑलिव्हचं तेल जळायचं. असो, शोपीस म्हणून एवढं चालतं.

पण पाया बघा राव! पैसे वसूल तिथे होतात. दोन थरांचा, कोनाकोनाचा चौथरा आणि त्याच्या चौकटींत शेपटी वळवलेले समुद्री प्राणी, इतक्या छोट्या साइजमध्येही नीट उठून आलेत. हे डिझाइन सरळ रोममधल्या सम्राट टायटसच्या कमानीवरून घेतलंय. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं ते मंदिर पाडलं, लूट रोमला नेऊन मिरवली, आणि टायटस गेल्यावर त्याचा भाऊ डोमिशियन सम्राट झाला त्याच्या काळात, 81 च्या सुमारास, ही कमान उभी राहिली. आतल्या बाजूच्या शिल्पात लोक मेनोरा खांद्यावर घेऊन चाललेत, पाया ह्याच्यासारखाच. 2012 मध्ये त्या शिल्पाची तपासणी झाली तेव्हा मेनोरावर पिवळ्या रंगाचे अंश सापडले, म्हणजे आज पांढरा दगड दिसतो तो मुळात रंगवलेला होता. त्यामुळे ह्या पीसचं पिवळंधमक पॉलिश मला खटकलं नाही.

आता गंमत अशी की ह्याच पायावरून वाद आहे. ज्यू परंपरेप्रमाणे मेनोराला तीन पाय, आणि इस्राएलमधल्या हम्मत तिबेरियासच्या जुन्या सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनास्थळातल्या) मोझॅइकमध्ये तो तसाच आहे, प्राण्याच्या पंज्यासारख्या पायांवर उभा. शिवाय ज्यांनी मूर्ती निषिद्ध मानली त्यांच्या मंदिरात असले ड्रॅगन कसे असतील हा प्रश्न आहेच. तरी 1949 मध्ये इस्राएलने राजचिन्ह ठरवलं तेव्हा कमानीवरचाच मेनोरा घेतला, दोन बाजूंना ऑलिव्हच्या डहाळ्या लावून, आणि तेव्हाचे मुख्य रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, हर्झोग ह्यांनी ह्या पायावरच आक्षेप घेतला. मला विचाराल तर निवड बरोबर होती, जी वस्तू जिंकून नेली म्हणून रोमने मिरवली तीच परत आणून देशाच्या चिन्हावर बसवायची, ह्याहून सणसणीत उत्तर काय असणार. फांद्यांचंही तसंच, इथे गोलाई आहे पण बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ ह्या ज्यू विद्वानाच्या हस्तलिखितात त्या सरळ तिरप्या काढल्यात, म्हणून काही लोक सरळवालाच पसंत करतात. पत्रकात ह्यातलं अवाक्षर नाही, "शांतीचं प्रतीक, घरात भरभराट आणतो" वगैरे कुठल्याही शोपीसला चिकटवता येईल असा मजकूर.

अजून एक, भेट द्यायला घेत असाल तर नीट वाचा. मंदिरातल्यासारखा सात दिव्यांचा मेनोरा बनवायला तालमुदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, मनाई आहे, सोन्याचा नाही तर दुसऱ्या धातूचाही नाही, पाच सहा किंवा आठचा चालतो. त्यामुळे कडक पाळणाऱ्या घरात हा दिलात तर ते अवघडतील. बाकी कित्येक ज्यू घरांत सातवाला सर्रास दिसतो हेही खरं.

बारीकसारीक तक्रारी: डावीकडची टोकाची फांदी जराशी पुढे झुकलीय, आणि खाचा उथळ आहेत, बारीक मेणबत्ती डुगडुगते. पॅकिंग मात्र एकदम मजबूत. विक्रेत्याला पत्रकाबद्दल लिहिलं तर उत्तर आलं "प्रॉडक्ट परत करू शकता". प्रॉडक्ट कशाला परत करू, तो चांगलाय, तुम्ही कागद बदला आणि लिस्टिंगमधून हनुक्का शब्द काढा, चौथा स्टार लगेच देतो.