मोटरहोममधला जनरेटर: दुसऱ्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव आणि एक बोटभर फट

स्पेसिफिकेशन इथे पुन्हा लिहीत बसत नाही. हवेवर थंड होणारा, ३ केव्हीएच्या आतबाहेरचा पेट्रोल जनरेटर सेट. ट्रॅव्हलर व्हॅनच्या बॉडीखालच्या कप्प्यात बसवलेला. त्यावर एक टनाचा एसी, फ्रिज आणि आईच्या चहासाठी इंडक्शन. कंपनी म्हणते तेवढी वीज तो देतो, आवाजही सहन होण्यासारखा. मला बोलायचंय ते एका फटीबद्दल.

मे महिन्यात परळीहून औंढ्याला निघालो होतो. दुपारी गाडी थांबवून एसी लावला की तासाभरात इंजिन ठसकायला लागायचं, आवाज वरखाली व्हायचा आणि बंद. मग कितीही स्टार्टर मारा, उठायचं नाव नाही. ऊन उतरलं की पहिल्याच झटक्यात सुरू. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "ओव्हरलोड होतोय साहेब, एसी कमी वापरा." एसीसाठीच तर घेतलाय! शिवाय ओव्हरलोड झाला की ब्रेकर पडतो, वीज जाते, पण इंजिन मोकळं धावत राहतं. इथे इंजिनच मरत होतं. हे समजावून माझं तोंड दुखलं. त्यांनी इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलली, ४,२०० रुपये घेतले आणि संध्याकाळी गार हवेत चालवून दाखवला. संध्याकाळी तो आधीही चालतच होता.

तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी एक तारा दिला असता, तोही आवाजासाठी.

मत हललं ते डिसेंबरात. वेरूळच्या मुक्कामात हीटर आणि इंडक्शन मिळून एसीपेक्षा जास्त लोड होता, तरी एकदाही कुरकुर नाही. म्हणजे लोडचा काही संबंध नाही, दुखणं उष्णतेचं. आता उन्हाळ्यात ताकद थोडी घटणारच. २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की सहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते, संभाजीनगरच्या उंचीमुळे जवळपास तितकीच आणखी. पण ताकद घटणं वेगळं आणि इंजिन बंद पडणं वेगळं.

यंदा परभणीत एका मिस्त्रींना दाखवला. छोटं गॅरेज, वर पत्रे, बाहेर ४३ अंश. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. "बंद पडू द्या की ओ," म्हणाले. पडला. लगेच प्लग काढला: कोरडा. ठिणगी पाहिली: चांगली निळी. म्हणजे कॉइल कधी बिघडलीच नव्हती, पेट्रोल पोचत नव्हतं. पेट्रोल पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं गुंडाळलं, थोडं थांबले, स्टार्टर मारला. सुरू! पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. पंपात वाफ झाली की तो नुसती वाफ ढकलतो, कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) उपाशी.

मग त्यांनी कप्प्यात थर्मामीटर सोडला: ७० च्या वर. सेट खालून गरम हवा बाहेर टाकतो आणि ते तोंड कप्प्याच्या तळाच्या भोकाला घट्ट बसलेलं असायला हवं. आमच्याकडे मध्ये बोटभर फट. "गरम हवा बाहेर जायच्या ऐवजी माघारी यायली साहेब." मशीन स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा ओढत होतं, दोन उन्हाळे! मॅन्युअलमधल्या बसवणीच्या चित्रात तिथे पट्टी स्पष्ट दाखवलीय. बसवणाऱ्याने लावलीच नाही. सर्व्हिसवाल्यांनी इतक्या वेळा कप्पा उघडला, खाली वाकून कुणी पाहिलं नाही. लाखभर रुपयांचं यंत्र आणि दीडशे रुपयांची पट्टी!

उपाय असा केला: फटीत उष्णता सोसणारी सिलिकॉन रबरची पट्टी (साधा फोम नको, जळून जातो). सायलेन्सरला जवळजवळ चिकटलेला पेट्रोलचा पाइप दुसऱ्या बाजूने फिरवला. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, पण सायलेन्सरपासून अंतर सोडून, नाहीतर पत्राच तापतो. कुलिंगच्या पात्यांतली धूळ काढली, एअर फिल्टर नवा. मजुरीसकट १,८०० रुपये. त्याच दुपारी एसी लावून बसलो, कप्पा ५२ च्या वर गेला नाही. त्यानंतर मेच्या शेवटापर्यंत सेट एकदाही बंद पडलेला नाही.

म्हणून आता चार तारे. पाचवा त्या पट्टीसाठी कापला. कंपनीने ती खोक्यातच चिकटवून द्यायला काय हरकत होती? एसीसकट तासाला लिटरभर पेट्रोल जातं, तेही टोचतं. तळाची पट्टी सुटली तर धूरही वर येऊ शकतो, म्हणून गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय आणि झोपताना सेट बंदच ठेवतो.

कॉइलचे पैसे परत मागितले, तर म्हणाले बसवलेला पार्ट परत होत नाही. जुनी कॉइल मी मागून घेतली होती, ती उत्तम चालते. याच मॉडेलसाठी कुणाला हवी असेल तर अर्ध्या किमतीत देतो.