छाबरा शंट घ्यावा का?

बाळाच्या डोक्यात पाणी झालंय, शंट (ते पाणी पोटात वळवणारी नळी) टाकावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात लगेच किमतीचा विषय निघतो. आपला छाबरा घ्यायचा की बाहेरचा महागडा? पहिल्यांदाच शंट बसवायचा असेल आणि सर्जनचा वेगळा आग्रह नसेल, तर निर्धास्तपणे छाबरा घ्या.

लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाबरा यांच्या नावाचा हा शंट शाहजहांपूरची सर्जिवेअर कंपनी बनवते. युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी 195 मुलांमध्ये तो कॉडमन-हकीम या महागड्या परदेशी शंटशी ताडून पाहिला. 2005 साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा छाबराची किंमत 35 डॉलर होती, कॉडमन-हकीमची 650. शंट बसवल्यानंतर वर्षभराने दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मेंदूच्या पोकळीत जाणारी नळी, कातडीखाली बोटाला लागणारा चेंबर, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह आणि मान-छातीवरून पोटात सोडलेली लांब नळी, एवढीच रचना. व्हॉल्व्हचा दाब लो, मीडियम की हाय, हे सर्जन आधीच ठरवतो. नंतर बदलायचं तर पुन्हा ऑपरेशन, ही यातली खरी उणीव. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारे व्हॉल्व्ह मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच व्हॉल्व्हचं सेटिंग एमआरआयनंतर तपासून घ्यावं लागतं. इथे ती कटकट नाही.

मात्र शंट कितीही महाग घेतला तरी तो तुंबू शकतो. मुलांमध्ये पहिल्या वर्षातच साधारण तीनातला एक बंद पडतो. बहुधा वरचं टोक कोरॉइड प्लेक्ससच्या (मेंदूत हे पाणी तयार करणाऱ्या जाळीच्या) तंतूंनी बुजतं. संसर्ग झालाच तर बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत. चेंबर दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर वरची नळी तुंबली, दाबलाच जात नसेल तर खालची, असं सांगतात. त्यावर विसंबू नका आणि घरी चेंबर दाबत बसू नका. उलट्या, सुस्ती, फुगलेली टाळू, खाली ओढलेली नजर, यांतलं काहीही दिसलं तर अर्ध्या रात्रीसुद्धा न्यूरोसर्जरीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. पोट बिघडलं असेल म्हणून घालवलेला एक दिवस मुलाच्या डोळ्यांवर, कधी जिवावर बेततो.

वाचलेले पैसे या धावपळीसाठीच राखून ठेवा. डिस्चार्जच्या कागदावर शंटचं नाव आणि दाब लिहून घ्या. शंट नीट चालू असतानाचा एक सीटी स्कॅन फाईलला लावून ठेवा, कारण पुढे शंका आली की नवा स्कॅन त्याच्याशीच ताडून बघतात.